पुण्याला निघालेल्या कुटुंबांशी



मुलांच्या परीक्षा संपत आल्या आहेत आणि दरवर्षीप्रमाणे आमच्या कार्यालयात पत्र मागायला येणाऱ्यांची ये-जा सुरू झाली आहे. "फादर, पुण्याला चाललोय, एक पत्र द्या." गेल्या दोन आठवड्यांत आपल्या धर्मग्रामातील तीन घरांनी असे पत्र मागितले. एक घर मोशीला जात आहे, एक भोसरीला. तिसऱ्याचे राहण्याचे अजून नक्की नाही, पण काम चाकणच्या बाजूला आहे. पत्र न मागता जाणारे किती, हे आम्हाला जूनमध्ये धर्मशिक्षणाच्या वर्गातील रिकाम्या जागा मोजल्यावर कळेल.

म्हणून या रविवारचा पाठ स्थलांतरावर आहे. पवित्र शास्त्र, ख्रिस्तसभेचा कायदा आणि खोलीचे भाडे या तिन्ही गोष्टी या पाठात एकत्र येतील. ज्याला घर हलवायचे असते त्याला त्या एकाच रात्री, एकाच उशीवर सुचत असतात, तेव्हा आम्हीही त्या वेगळ्या केलेल्या नाहीत.

आधी एक गोष्ट मागे घ्यायची आहे. आम्ही या धर्मग्रामात आलो त्या पहिल्या वर्षी वेदीवरून सांगितले होते की गाव सोडू नका, शहरात श्रद्धा विरघळते. काही जणांना ते वाक्य आजही पाठ आहे, आणि जाताना ते आमच्यापासून तोंड चुकवतात. ते सांगणे चुकीचे होते. आपल्यापैकी किती घरे मुळात याच गावची आहेत? बहुतेकांचे आजे-पणजे नेवासा, राहुरी, वैजापूर अशा भागांतून साखर कारखान्यांच्या कामाला, पाटाच्या पाण्याला, मळ्यावर सालगडी म्हणून इकडे आले. हरेगावचा कारखाना बंद पडून कितीतरी वर्षे झाली. ज्या चुलीसाठी आजोबा आले ती विझल्यावर नातवाने दुसरी चूल शोधू नये, असे कोणत्या तोंडाने म्हणावे? आणि जाणाऱ्यांची वाट नवीन नाही. पिंपरीला १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना उभा राहिला, तेव्हापासून नगर जिल्ह्यातून (आता अहिल्यानगर, तोंडात अजून नगरच येते) माणसे तिकडे जात आहेत. पिंपरी-चिंचवडची लोकसंख्या २००१ च्या जनगणनेत दहा लाखांच्या आसपास होती, २०११ मध्ये ती सतरा लाखांवर गेली. त्या वाढीत आपलीही माणसे आहेत.

तेव्हा जावे की न जावे, हा या पाठाचा प्रश्न नाही. प्रश्न असा आहे की जायचे ठरवले कोणी, आणि गेल्यावर आपण तिथले होतो की नुसते तिथे राहतो.

पवित्र शास्त्रात घर हलवणारी कुटुंबे जागोजागी भेटतात. तेरह आपल्या मुलाला, सुनेला आणि नातू लोट याला घेऊन ऊर शहरातून कनान देशाकडे निघाला. पण हारानला पोहोचल्यावर तिथेच राहिला आणि तिथेच मेला. पुढचा प्रवास अब्राहामाने केला. बेथलेहेमात दुष्काळ पडला तेव्हा अलीमलेख बायको नामी आणि दोन मुलांना घेऊन मवाबात गेला. १९७२ चा दुष्काळ पाहिलेल्या आपल्या वडीलधाऱ्यांना ती कथा समजावून सांगावी लागत नाही. संत योसेफाने तर दोनदा घर हलवले. पोप पायस बारावे यांनी १९५२ साली स्थलांतरितांविषयी जे मोठे प्रेषितपत्र काढले, त्याच्या आरंभीच मिसरला गेलेले पवित्र कुटुंब हे घर सोडाव्या लागणाऱ्या प्रत्येक कुटुंबाचा नमुना म्हणून ठेवले आहे.

यांतील दोन माणसांकडे जरा थांबून पाहू. पहिला लोट. उत्पत्तीच्या तेराव्या अध्यायात अब्राहाम आणि लोट यांची गुरेढोरे इतकी वाढतात की एका जागेत मावत नाहीत. अब्राहाम म्हणतो, तू आधी निवड. लोट नजर टाकतो, त्याला यार्देनेचे पाणथळ, हिरवेगार खोरे दिसते आणि तो ते घेतो. त्याने कोणाला विचारले, तिथली माणसे कशी आहेत, हे त्या प्रसंगात काही नाही. त्याने पाणी पाहिले, बस्स. पुढे तंबू हळूहळू सदोमाच्या बाजूला सरकत जातात. आता अब्राहामाचे पाहा. तो शखेमला थांबतो, वेदी बांधतो. बेथेलजवळ थांबतो, वेदी बांधतो. लोट वेगळा झाल्यावर हेब्रोनला जातो, तिथेही वेदी बांधतो. आयुष्यभर तंबूत राहिलेल्या या माणसाने घर असे बांधले नाही, पण मुक्काम केला तिथे वेदी बांधली. लोटाने कुठे वेदी बांधल्याचे आम्हाला सापडत नाही. कोणाला सापडले तर जरूर सांगावे.

दुसरा योसेफ. मिसरहून परतताना त्याला यहूदीयात जायचे होते असे दिसते. पण तिथे हेरोदाच्या जागी त्याचा मुलगा अर्खेलाव राज्य करतो हे त्याच्या कानी आले, त्याला भीती वाटली, आणि स्वप्नात सूचना मिळाल्यावर तो गालीलात नासरेथला गेला (मत्तय २:२२-२३). या दोन ओळी आपण नाताळच्या गडबडीत वाचून पुढे जातो. त्यात किती गोष्टी आहेत! त्याने चौकशी केली होती. भीती वाटली ती मान्य केली. देवाचे ऐकले. आणि ठरवलेले ठिकाण बदलले. देवाचा दूत बरोबर असलेल्या माणसाने चौकशी सोडली नाही, तर ठेकेदाराच्या फोनवर बिऱ्हाड उचलणाऱ्या आपण ती किती करावी?

सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना संत थॉमस अक्वायनस यांचे विवेक या सद्गुणावरील विवेचन आम्ही परीक्षेपुरते पाठ केले होते. त्याचा उपयोग असा रेशनकार्ड आणि डिपॉझिटच्या गप्पांत होईल असे तेव्हा वाटले नव्हते. ते म्हणतात, विवेकाच्या तीन पायऱ्या आहेत: आधी सल्लामसलत, मग निर्णय, मग अंमल. अ‍ॅरिस्टॉटलच्या आधारे ते असेही सांगतात की मसलत सावकाश करावी आणि ठरले की अंमल झटपट करावा. आपल्याकडे बहुधा उलटे होते. ठरते एका रात्रीत आणि नंतर दहा वर्षे "बरोबर केलं का?" ही मसलत चालू राहते.

मसलत कोणाशी करायची? गेल्या वर्षी एक दादा सपत्नीक आमच्याकडे आले, तेव्हा आम्ही कागद घेऊन बसलो. (हे त्यांच्या परवानगीने, नाव वगळून लिहीत आहोत.) ठेकेदाराने सांगितलेला पगार १८,००० रुपये, ओव्हरटाइम धरून २२,००० पर्यंत जाईल असा तोंडी शब्द. दादा म्हणाले, "इथं महिन्याला बारा हजार पडत नाहीत, फादर." मग आम्ही गावात कधीच न मांडला जाणारा हिशेब मांडायला घेतला. घर स्वतःचे, भाडे शून्य. ज्वारी-बाजरी वाट्याच्या शेतातली. दूध चुलत्यांकडून. पोरे शाळेत पायी जातात. ताई खुरपणीला, कांदे काढणीला जातात ती मजुरी वेगळी. आता तिकडचा: एका खोलीचे भाडे ६,५००, तीन महिन्यांचे डिपॉझिट आधी, लाइटबिल घरमालक लावील त्या दराने, गॅस, पिण्याच्या पाण्याचा जार, मुलाची व्हॅन, दूध पिशवीचे, धान्य दुकानाचे. बेरीज झाली तेव्हा गावात जेवढे हातात उरत होते त्यापेक्षा हजारभर कमीच उरत होते.

दादा गप्प झाले. मग आम्ही ताईंना विचारले, तुम्हाला काय वाटते? त्या इतका वेळ पदर सावरून बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "तिथं पाणी किती वाजता येतं, हे कोणी सांगितलं का?" नवऱ्याने चार महिने विचार केला होता, भावाला विचारले होते, मेव्हण्याला विचारले होते, आम्हालाही विचारायला आला होता. जिला रोज ते पाणी भरायचे होते तिला विचारायचे राहून गेले होते. कागदाच्या मागच्या बाजूला मग दुसरी यादी तयार झाली, आणि ती बहुतेक ताईंनी सांगितली: मुलीला दहावीनंतर नर्सिंग करायचे आहे, ते इथून जमणार नाही, सासऱ्यांच्या दवाखान्याला पैसे कमी पडतात, विमा असेल तर बरे, आणि भावकीच्या रोजच्या कटकटीतून जरा सुटका (हे त्या हसत म्हणाल्या, पण आम्ही लिहून घेतले). ते कुटुंब गेले. डोळे उघडे ठेवून गेले. हजार रुपये कमी उरणार हे माहीत असल्यामुळे पहिल्या महिन्यात एकमेकांवर ओरडण्याची वेळ आली नाही, असे दादांनी नंतर फोनवर सांगितले.

नोकरीबद्दल दोन-तीन प्रश्न मात्र जाण्यापूर्वीच विचारायचे. आपण कंपनीचे की ठेकेदाराचे? नेमणुकीचे पत्र लेखी आहे का? पीएफ कापला जातो का, आणि कापला जात असेल तर तो आपल्या जुन्याच यूएएन क्रमांकावर जातो का? ठेका बदलला की पीएफ काढून मोकळे होणारे बरेच तरुण आम्ही पाहतो. पीएफच्या पेन्शनसाठी दहा वर्षांची नोकरी भरावी लागते. दर वेळी सगळे काढून टाकले की ती वर्षे पुन्हा पहिल्यापासून मोजावी लागतात. लग्नात मोटारसायकल घेण्यासाठी म्हातारपण विकू नये. रेशनकार्ड रद्द करण्याची घाई करू नका. आधार जोडलेले असेल तर अन्नसुरक्षेचे धान्य तिकडच्या दुकानातही मिळते. खोलीचा भाडेकरार नोंदवून घ्या. महाराष्ट्रात कायद्याने तो नोंदवावा लागतो आणि ती जबाबदारी घरमालकाची आहे. शाळेचा दाखला वेळेवर मिळाला नाही म्हणून आठवीपर्यंतच्या मुलाला सरकारी किंवा नगरपालिकेच्या शाळेत प्रवेश नाकारता येत नाही, असे २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात आहे. मुलांच्या जातीच्या दाखल्यासाठी आजोबांच्या शाळेचा उतारा लागतो, तो इथे असतानाच काढून ठेवा. त्यासाठी नंतर दोन-दोन दिवस रजा टाकून येणारे आम्ही पाहिले आहेत. आणि दहावीच्या वर्षी मूल हलवू नका. हे शास्त्रात कुठे नाही, आमचे मत आहे.

आता दुसऱ्या प्रश्नाकडे येऊ. तो आम्हाला जास्त महत्त्वाचा वाटतो.

आमचे वडील "दोन वर्षांत येतो" म्हणून मुंबईला गोदीत कामाला गेले होते. ते निवृत्त होऊन आले तेव्हा एकोणीस वर्षे झाली होती. या एकोणीस वर्षांत त्यांनी तिथे एक खाटसुद्धा विकत घेतली नाही. "आपल्याला थोडंच राहायचंय इथं?" दहा माणसांच्या खोलीत त्यांची एक वळकटी आणि एक पत्र्याची पेटी होती. मन गावाला, शरीर मुंबईला. आणि सुट्टीत गावाला आले की आम्हा भावंडांना ते पाहुण्यासारखे वाटत. म्हणजे ते तिथलेही झाले नाहीत आणि इथलेही राहिले नाहीत. ते वाईट नव्हते. रोज गुडघे टेकून जपमाळ म्हणणारा माणूस होता. पण एकोणीस वर्षे ते तात्पुरते जगले.

यिर्मया संदेष्ट्याच्या ग्रंथाचे २८ आणि २९ हे अध्याय या दृष्टीने घरी एकत्र वाचा. ख्रिस्तपूर्व ५९७ मध्ये नबुखद्नेस्सर राजाने यरुशलेमेतील राजाला, कारागिरांना, लोहारांना बाबेलला नेले. कसबी माणसेच आधी नेली, हे लक्षात घ्या. मागे हनन्या नावाचा एक संदेष्टा उभा राहून सांगू लागला की दोन वर्षांत सगळे परत येतील. लोकांना ते गोड वाटले. दोन वर्षे! आमच्या वडिलांचाच आकडा. यिर्मयाने मात्र बाबेलमधील लोकांना पत्र पाठवले. त्याचा आशय असा की तिथे घरे बांधा आणि राहा, मळे लावा आणि त्यांचे फळ खा, मुलामुलींची लग्ने करा, आणि ज्या नगरात तुम्हाला नेले आहे त्याचे भले व्हावे म्हणून खटपट करा, त्याच्यासाठी प्रार्थना करा. कारण त्याच्या भल्यातच तुमचे भले आहे. परत येणे होईल, पण सत्तर वर्षांनी. शत्रूच्या राजधानीसाठी प्रार्थना करायला सांगणारे हे पत्र वाचून काहींना इतका संताप आला की यिर्मयाला कोंडून ठेवावे अशी मागणी झाली. खोटा संदेष्टा कोणता होता? तुम्ही परत याल असे दोघेही म्हणत होते. खोटा तो, जो लोकांना वळकटी उलगडू देत नव्हता.

ख्रिस्तसभेचा कायदा इथे आपल्याला अनपेक्षित मदत करतो. कायद्याची पुस्तके रुक्ष असतात, पण १९८३ च्या धर्मसंहितेतील १०२ वे कलम आम्हाला नेहमी विचार करायला लावते. एखाद्या धर्मग्रामात तुम्ही राहायला गेलात आणि तिथे कायम राहण्याचा मनात इरादा असला, तर त्या दिवसापासून तुम्ही तिथले रहिवासी. इरादा नसला तरी पाच वर्षे पूर्ण झाली की तुम्ही म्हणा अथवा न म्हणा, तुम्ही तिथलेच. आणि तीन महिने राहण्याचा बेत असला, किंवा तीन महिने प्रत्यक्ष राहणे झाले, तरी एक कमी प्रतीचे रहिवासित्व लाभते आणि तिथले धर्मगुरू तुमचे स्वतःचे धर्मगुरू होतात. पुढे १०४ वे कलम नवरा-बायकोचे राहण्याचे ठिकाण एकच असावे असे सांगते. योग्य कारण असेल तर वेगळे असू शकते, पण नेम एकाच घराचा. नवरा चाकणला, बायको गावी, मुले मामाकडे, असे वर्षानुवर्षे चालले असेल तर "योग्य कारण" अजून शिल्लक आहे का, हे दर वर्षी एकदा दोघांनी बसून तपासावे. कधी कधी कारण संपलेले असते आणि सवय उरलेली असते.

म्हणजे "आमचं चर्च गावाला आहे" हे वाक्य पाच वर्षांनंतर कायद्याने खरे राहत नाही. आम्हाला ते ऐकायला गोड वाटते, पण खरे नाही. हे आम्ही कसे शिकलो ते सांगायला हवे, आणि यात चूक आमची होती.

२०१९ साली आपल्या धर्मग्रामातून एक कुटुंब गेले: आई, वडील, मुलगी आणि सात वर्षांचा मुलगा. आजी गावीच राहिल्या. २०२० च्या टाळेबंदीत ते सगळे चार महिने गावी येऊन राहिले आणि पुन्हा गेले. आमच्या कुटुंबवहीत त्यांच्या नावापुढे दर वर्षी खूण पडत होती, कारण वर्षाची वर्गणी आजी नेमाने भरत होत्या. पाच जणांची वर्गणी, एकही वर्ष चुकले नाही. वही पाहून आम्ही निश्चिंत. २०२३ मध्ये आजी वारल्या. अंत्यविधीच्या मिस्सामध्ये तो मुलगा, आता अकरा वर्षांचा, ख्रिस्तप्रसादाच्या रांगेत पुढे आला आणि हात कसे धरायचे ते त्याला कळेना. मागून आई हळूच म्हणाली, "फादर, त्याचा पहिला ख्रिस्तप्रसाद झाला नाही अजून." आम्ही त्याच्या कपाळावर क्रूसाची खूण केली. तो आपल्या जागेवर गेला आणि सबंध मिस्सा मान खाली घालून बसला.

नंतर त्या ताई बोलल्या. सुरुवातीला दोन-तीनदा तिथल्या चर्चमध्ये गेलो. मिस्सा इंग्रजीत होती. मराठी मिस्सा किती वाजता असते हे विचारायला लाज वाटली. मागच्या बाकावर बसलो, कोणी विचारले नाही, आम्हीही कोणाला विचारले नाही. मग यांची सुट्टी गुरुवारची झाली. मग नाताळला आणि पुनरुत्थान सणाला गावी यायचे, तेवढेच. "आपलं चर्च हेच आहे ना, फादर?" असे त्यांनी विचारले, तेव्हा आमच्याकडे उत्तर नव्हते. त्या गेल्या तेव्हा आम्ही त्यांना शुभेच्छा दिल्या होत्या, डोक्यावर हात ठेवला होता. तिथल्या धर्मगुरूंना एक फोन मात्र केला नव्हता. चार वर्षांत एकही नाही. चुकार मेंढरू शोधायला नव्याण्णव मागे ठेवून जाणाऱ्या मेंढपाळावर आम्ही त्याच काळात किमान चार प्रवचने दिली असतील.

तेव्हापासून आमच्या पत्राचा नमुना बदलला आहे. त्यात घरातील प्रत्येकाचे नाव, बाप्तिस्म्याची तारीख, कोणाचा कोणता संस्कार बाकी आहे आणि फोन नंबर असतो. एक प्रत तुमच्या हातात, एक सरळ तिथल्या धर्मगुरूंना. पत्र देण्यापूर्वी आम्ही त्यांना फोन करतो आणि मराठी मिस्साची वेळ विचारून पत्रावरच लिहितो. मुलाचा पहिला ख्रिस्तप्रसाद, पुढच्या वर्षी, तिथेच झाला. आम्ही गेलो होतो. मराठी मिस्साला, पुढच्या बाकावर.

काही जणांना भीती असते की तिकडे नाव नोंदवले की इथले नाव कापले जाईल. तसे होत नाही. तुमचा बाप्तिस्मा ज्या चर्चमध्ये झाला त्या चर्चच्या वहीत तुमची नोंद कायमची राहते, आणि दृढीकरण, विवाह यांची माहिती जगात कुठेही संस्कार झाला तरी त्याच पानावर येऊन लिहिली जाते. लग्नाच्या वेळी बाप्तिस्म्याचा नवा दाखला मागतात तो त्यासाठीच. आपल्या जुन्या वह्यांच्या समासात मुंबई, पुणे, नाशिक आणि एका ठिकाणी कुवेतचीही नोंद आहे. मूळ इथेच राहते. कुटुंब म्हणून नाव मात्र जिथे चूल पेटते तिथे असावे. मतमाउलीच्या यात्रेला सप्टेंबरमध्ये हरेगावला जरूर या. पाहुणे म्हणून नव्हे, पण वर्षाची सगळी भक्ती त्या एका दिवसात उरकायला म्हणूनही नको.

गुरुवारच्या सुट्टीबद्दल. पुण्याच्या औद्योगिक भागात अनेक कारखान्यांना साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते आणि रविवारी पाळी लागते. अशांनी मन खात बसू नये. शनिवारी संध्याकाळच्या मिस्साने रविवारचे कर्तव्य पूर्ण होते, हे धर्मसंहितेतच आहे. पाळीमुळे तेही खरोखर अशक्य असेल तर दोष लागत नाही. मात्र मग घरी रविवारचे शुभवर्तमान वाचायला दहा मिनिटे काढा. अब्राहामाच्या वेदीसाठी मोठी जागा लागत नव्हती. टेम्पोतून सामान उतरवाल त्या रात्री टीव्हीची वायर जोडण्याआधी भिंतीला एक खिळा मारून क्रूस लावा आणि सगळ्यांनी मिळून जपमाळेचे एक दशक म्हणा. घरमालक खिळा मारू देत नसेल तर कपाटावर ठेवा. शेजारच्या खोलीत बिहारचे, मराठवाड्याचे, विदर्भाचे कोणी असेल, त्यांना दुसऱ्या दिवशी चहाला बोलवा. यिर्मयाने ज्या नगराच्या भल्यासाठी झटायला सांगितले ते नगर तुमच्या बाबतीत तिथूनच, त्या सामाईक नळापासून सुरू होते.

मागे राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांविषयी फार लिहीत नाही. जाणाऱ्यांना ते बोचतच असते. पहिल्या शुक्रवारी आम्ही घरोघरी ख्रिस्तप्रसाद घेऊन जातो, त्या यादीत त्यांचे नाव घालून जा. आपल्या संत विन्सेंट द पॉल मंडळाचे बांधव आठवड्यातून एकदा डोकावतील, तसे त्यांनी कबूल केले आहे. वर्गणी मात्र यापुढे आम्ही गावात राहणाऱ्यांचीच घेऊ. कोणा आजींनी पाच जणांची आणली तर चार जणांची परत करू आणि तुम्हाला फोन करू.

पत्रासाठी बुधवारी संध्याकाळी सहानंतर कार्यालयात या. नवरा-बायको दोघेही या, आणि आठवीच्या पुढची मुले असतील तर त्यांनाही आणा. येताना ठेकेदाराने किंवा कंपनीने काही लिहून दिले असेल तर तो कागद आणि खोलीचा पत्ता बरोबर ठेवा. मुलांच्या बाप्तिस्म्याच्या तारखा आठवत नसतील तर काळजी करू नका, वही आमच्याकडे आहे.

तुमचे धर्मगुरू